शब्दाची लांबी आणि शब्दाचे वजन

ठराविक अक्षरे समोर ठेवावयाची आणि ती सर्व ज्यात येतील असा लांबात लांब इंग्रजी शब्द धुंडाळावयाचा, हा छंद आपल्या सुशिक्षित घरांतून चांगलाच रुजला आहे. पाहुणा आला की चिरंजीवांना पुढे बोलाविले जाते. चिरंजीव एका दमात ४५ अक्षरांचा शब्द म्हणून दाखवितात. आणि पाहुण्याने तोंडात बोट घालावे अशी अपेक्षा असते. शब्दाचा अर्थ विचारण्याचा प्रघात नाही. या छंदाचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. त्याने बुद्धी तल्लख होते, शब्दसंग्रह वाढतो आणि इंग्रजीवर प्रभुत्व येते. हे तीनही मुद्दे आम्ही येथे उलटतपासणीस घेणार आहोत. मात्र आरंभीच आमची बाजू स्पष्ट करतो. खेळाशी आमचे भांडण नाही. खेळाला विद्येच्या पाटावर नेऊन बसविण्याशी आहे.

प्रथम हा खेळ कोणाचा आणि तो त्यांच्याकडे का वाढला, हे पाहावे. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी चाळिसांहून अधिक. शिवाय फ्रेंच, लॅटिन, ग्रीक अशा अनेक घरांतून आलेले शब्द आपापली लेखनपद्धती बरोबर घेऊन आले. त्यामुळे शब्द ऐकला म्हणजे लिहिता येईलच असा भरवसा त्या भाषेत नाही, आणि स्पेलिंग हा एक स्वतंत्र विषय होऊन बसला. न्यूयॉर्कमध्ये १८८३ साली कोडीबाजांची एक संघटना स्थापन झाली. तीच पुढे नॅशनल पझलर्स लीग या नावाने ओळखली जाऊ लागली. १९१३ च्या डिसेंबरात आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात छापून आले. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने वृत्तपत्रांची पाने घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते याची मोजदाद केली आणि तिच्यावर एक खेळ रचला. १९४८ साली त्याला स्क्रॅबल हे नाव मिळाले. त्याच्या १०० सोंगट्यांत ‘ई’च्या १२ आहेत, आणि ‘क्यू’ व ‘झेड’ यांची प्रत्येकी एकच सोंगटी असून तिचे मोल १० गुण आहे.

या मंडळींनी शोधून काढलेल्या गमती खरोखर मनोरंजक आहेत. ‘फसीशस’ आणि ‘ॲब्स्टीमियस’ या दोन शब्दांत पाचही स्वराक्षरे वर्णमालेच्या क्रमाने येतात. ‘अनकॉपीराइटेबल’ या शब्दाची १५ अक्षरे आहेत आणि त्यांतले एकही दुसऱ्यांदा येत नाही. ‘टाइपरायटर’ हा शब्द टंकयंत्राच्या अक्षरांच्या सर्वांत वरच्या ओळीवरच लिहून होतो. यात चातुर्य आहे हे कोण नाकारील? परंतु ज्या द्मित्री बोर्गमन यांनी या शोधांना शास्त्राचे रूप दिले, त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाला नाव दिले ते ‘सुट्टीवर गेलेली भाषा’ अशा अर्थाचे. त्यांना स्वतःला कसलाही भ्रम नव्हता. सुट्टीवर गेलेल्या भाषेस कामावर रुजू झालेली समजण्याचा घोटाळा आपण केला.

आता लांबी ही वस्तू काय आहे तेही तपासू. इंग्रजीत रांगेला जो शब्द आहे, त्याची रोमन अक्षरे पाच. देवनागरीत तो ‘क्यू’ असा एका अक्षरात मावतो. ‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दाची रोमन अक्षरे नऊ, स्वराक्षर मात्र एकच; आपण तो लिहू लागलो की त्याची लांबी जोडाक्षरांत विरून जाते. वर उल्लेखिलेला ४५ अक्षरांचा अजस्र शब्द देवनागरीत जेमतेम २२ अक्षरांचा भरतो. म्हणजे ज्या लांबीचा एवढा बडेजाव, ती विचाराची नव्हे आणि उच्चाराचीही पुरती नव्हे. ती एका विशिष्ट लिपीच्या लेखनाची आहे. लिपी बदलली की निम्मी मिळकत नाहीशी होते. अशा मालमत्तेवर कोणताही शहाणा सावकार कर्ज देणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की अक्षरांचे खेळ आपल्याकडे नव्हते काय? होते, आणि ते अद्वितीय होते. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’च्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली सगळी हकीकत ओष्ठ्य वर्ण गाळून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षताने त्याचा ओठ दुखावलेला असतो. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात एक श्लोक जवळजवळ एकट्या ‘न’ या व्यंजनावर उभा केला. आपल्या मोरोपंतांनी ओठ न मिटता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचले. पाश्चात्त्य कोडीकार अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांच्या १९३९ सालच्या ‘गॅड्सबी’ या कादंबरीचे मोठे कौतुक करतात, कारण तिच्यात ‘ई’ हे अक्षर गाळलेले आहे. त्या कौतुकात आपणही सामील व्हावे. पण बाराशे वर्षांपूर्वीच आपल्या गद्यात हा प्रयोग होऊन गेला होता हेही सांगावे.

तथापि या वारशाचा दाखला प्रतिपक्षाच्या कामी येत नाही. मोरोपंतांनी वर्ण गाळले, पण राम गाळला नाही. ओष्ठ्य वर्णांचे बंधन पाळूनही कथा पुढे गेली पाहिजे, अर्थ उभा राहिला पाहिजे, ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती. दंडीच्या निरोष्ठ गद्याला तर कथेतच कारण आहे. आणि एवढे असूनही आपल्या अलंकारशास्त्राने निवाडा काय दिला? मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पहिल्याच उल्लासात काव्याच्या तीन प्रती लावल्या आणि चित्रकाव्यास तिसरी, म्हणजे अवर, प्रत दिली. त्याने चित्रकाव्यास पंक्तीतून उठविले नाही. पंक्तीच्या शेवटी बसविले. आम्ही तेवढाच न्याय मागत आहोत.

आता या लांब शब्दांपैकी जे प्रख्यात आहेत त्यांना एकेक करून साक्षीस बोलावू. कोणताही शब्द ‘शब्द’ म्हणून मान्य करण्यापूर्वी त्याच्यामागे वापराचा पुरावा असला पाहिजे. कोणीतरी कधीतरी काही सांगण्याची गरज पडली म्हणून तो उच्चारला, हे दिसले पाहिजे. केवळ यादीत नाव आहे म्हणून मालक ठरणारा इसम न्यायालयात टिकत नाही.

पहिला साक्षीदार ‘होनोरिफिकाबिलिटुडिनिटाटिबुस’, अक्षरे २७. यात व्यंजन आणि स्वर आळीपाळीने येतात म्हणून कोडीकार त्याच्यावर लुब्ध. तो शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकाच्या पाचव्या अंकात येतो. पण तो उच्चारतो कोण? कोस्टर्ड नावाचा गावंढळ विदूषक; आणि तोही पंडितांच्या पल्लेदार लॅटिनची चाललेली बडबड ऐकून. म्हणजे लांब शब्दांच्या सोसाची टर उडविण्यासाठी नाटककाराने जो शब्द योजला, तोच त्या सोसाचा ध्वज झाला. पुढे १९१० साली सर एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी याच शब्दाची अक्षरे उलटसुलट लावून एक लॅटिन वाक्य तयार केले आणि शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनची आहेत, हा त्याचाच गुप्त कबुलीजबाब होय, असे जाहीर केले. या पुराव्याची वासलात एका प्रश्नात लागते. हा शब्द दांतेच्या लॅटिन ग्रंथात आढळतो. दांते १३२१ साली वारला आणि बेकन १५६१ साली जन्मला. जन्मापूर्वी दोनशेचाळीस वर्षे कोणी आपली सही करून ठेवीत नाही. अर्थाकडे पाठ फिरवून अक्षरांतच सत्य हुडकू लागल्यास सुशिक्षित मनुष्याची बुद्धी कोठवर भरकटते, याचा हा उत्तम नमुना आहे.

दुसरा साक्षीदार ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’, अक्षरे २९, त्यांत ‘आय’ नऊ वेळा आणि ‘ई’ एकदाही नाही. १७४१ साली विल्यम शेनस्टन या कवीच्या पत्रात तो आढळतो. लॅटिन व्याकरणात ‘कवडीमोल’ या अर्थाची जी चार पदे विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली जात, ती एकापुढे एक चिकटवून केलेली ही थट्टा आहे. अर्थ एवढाच, की एखादी गोष्ट कस्पटासमान लेखणे. आपल्या खेड्यातील म्हातारी हे काम ‘कस्पट’ या तीन अक्षरांत करते, आणि तिचे म्हणणे ऐकणाऱ्यास लागते.

तिसरा साक्षीदार अधिक प्रतिष्ठित. ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’, अक्षरे २८. चर्चला राज्यसत्तेचा अधिकृत आश्रय असावा, तो काढून घेऊ नये, असा पक्ष म्हणजे हा शब्द. त्यामागचा वाद खरा होता. आयर्लंडमधील प्रस्थापित चर्चचा राजाश्रय १८६९ च्या कायद्याने गेला, वेल्समधील चर्चचा १९१४ च्या कायद्याने गेला आणि त्याची अंमलबजावणी १९२० मध्ये झाली. जमिनी, उत्पन्ने, वंशपरंपरेचे हक्क, श्रद्धा, सारेच त्यात गुंतले होते. देवस्थान आणि सरकार यांचे नाते काय असावे, हा प्रश्न आपल्या वाचकांस परका नाही. गोव्यातील महाजनांना १९३३ च्या देवस्थान नियमावलीने आणि मुंबई राज्यातील विश्वस्तांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने त्याचा चांगलाच परिचय करून दिला आहे. हिशेब कोणी तपासावा, पूजेचा अधिकार कोणाचा, उत्सवाचा खर्च कोणत्या खात्यातून, या प्रश्नांवर ज्यांनी रात्री जागविल्या त्यांना विचारावे, की २८ अक्षरांच्या शब्दाने त्यांतला एक तरी उलगडला काय. या शब्दाचे नाव घेणाऱ्या शंभरांपैकी एकासही आयर्लंडचा इतिहास ठाऊक नसतो. त्यांनी शब्द कमावला नाही. त्याची लांबी तेवढी मोजली.

येथे अमेरिकेतील स्पेलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेचा दाखला हटकून दिला जातो. ही स्पर्धा १९२५ साली सुरू झाली. १९८५ पासून भारतीय वंशाची मुले तीत विजयी होऊ लागली, आणि २०१९ साली आठ जण संयुक्त विजेते ठरले, त्यांपैकी सात भारतीय वंशाचे. त्या मुलांच्या परिश्रमांपुढे आम्ही नम्र आहोत. पण तेथे घडते काय ते नीट पाहावे. शब्द उच्चारला गेला की मूल त्याचा अर्थ विचारते, तो कोणत्या भाषेतून आला ते विचारते, वाक्यातला उपयोग विचारते, आणि त्या माहितीवरून स्पेलिंग बांधते. म्हणजे स्पर्धेतही अक्षरांपर्यंत जाणारी वाट अर्थावरूनच जाते. इतके असूनही संयोजकांना २०१३ साली अर्थज्ञानाची वेगळी परीक्षा जोडावीशी वाटली. आपण मात्र स्पर्धेतला ताम्रपट घेतो आणि त्यावरचा लेख वाचीत नाही. १९९९ साली एका भारतीय वंशाच्या मुलीला ज्या शब्दाने विजय मिळाला तो ‘लॉगरिआ’, म्हणजे बोलण्याचा अतिसार. दैवानेही कधी कधी मार्मिक टीका करावी!

प्रभुत्वाच्या मुद्द्याचा निकाल तर २०१५ सालीच लागला. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळविले. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी सुमारे नऊ आठवड्यांत फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती, आणि ज्यांची ती मातृभाषा त्यांना हरविले. त्यांच्या स्मरणशक्तीला प्रणाम असो. पण शब्दांची यादी आणि भाषा या दोन भिन्न वस्तू आहेत, याचा याहून सज्जड पुरावा आम्हांस तरी ठाऊक नाही.

राहिला बुद्धी तल्लख होण्याचा मुद्दा. जोवर मनुष्य आपल्याच स्मरणाची कोठारे धुंडाळून शब्द बाहेर काढीत होता, तोवर या मुद्द्यात तथ्य होते. त्या धुंडाळण्यात त्याला वाचलेली पुस्तके आठवत, शब्दांची मुळे दिसत. आता यंत्रापुढे पाच अक्षरे टाकली की क्षणार्धात लांबीच्या क्रमाने सगळी यादी उभी राहते. शिकार यंत्राने करावयाची आणि मिशीवर ताव आपण मारावयाचा, यात कोणत्या बुद्धीची मशागत होते?

कोर्टकचेऱ्यांत वावरणाऱ्यास एक गोष्ट लवकर कळते. माणसांचे भवितव्य ठरविणारे शब्द बहुधा आखूड असतात. ताबा, वहिवाट, वारस. ‘कूळ’ हा शब्द दोन अक्षरांचा; पण हक्कनोंदीत तो एखाद्याच्या नावापुढे आहे की नाही यावर पिढ्यांचे अन्न अवलंबून राहिले. गोव्यात ‘मुंडकार’ या चार अक्षरांसाठी १९७५ साली स्वतंत्र कायदा झाला, कारण डोक्यावरचे छप्पर राहणार की जाणार हे त्या चार अक्षरांवर होते. असे शब्द शोधावे लागतात, कागदपत्रांच्या ढिगाऱ्यांतून शोधावे लागतात, आणि ते सापडले नाहीत तर माणूस उघड्यावर पडतो.

या कसोटीवर आता शेवटच्या साक्षीदारास उभे करू. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’, अक्षरे ४५. हाच तो चिरंजीवांचा शब्द. अतिसूक्ष्म सिलिकाधूळ फुप्फुसात गेल्याने होणारा रोग, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. पण तो कोणा वैद्याने दिलेला नाही. १९३५ साली, वर सांगितलेल्या पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी सर्वांत लांब शब्द हवा म्हणून तो घडविला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही तो कृत्रिम म्हणूनच नोंदला आहे. रुग्णाच्या खाटेशी त्याचा काही संबंध नाही.

रोग मात्र कृत्रिम नाही. त्याचे खरे नाव सिलिकोसिस, रोमन अक्षरे अवघी ९. दगड फोडताना, कापताना, दळताना उडणारी बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात रुतते, तेथे व्रण धरतात, फुप्फुस दगडासारखे ताठर होत जाते आणि माणूस हळूहळू श्वासाला महाग होतो. त्यावर उतारा नाही. ज्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये हा लांब शब्द जुळविला जात होता, त्याच सुमारास अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथील बोगद्यावर १९३० पासून राबलेले मजूर, बहुतेक कृष्णवर्णीय, या रोगाने शेकड्यांनी मरत होते. १९३६ साली अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्याची चौकशी झाली. तो बोगदा युनियन कार्बाइडच्या उपकंपनीसाठी खणला गेला होता. ते नाव १९८४ च्या भोपाळनंतर आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि हा रोग परदेशीच आहे असेही नाही. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातले मंदसोर हे स्लेट-पेन्सिलीचे मोठे केंद्र. ज्या पेन्सिलीने मूल पाटीवर श्रीगणेशा गिरविते, ती कापणाऱ्या कामगारांची फुप्फुसे याच धुळीने भरली. त्यांच्यासाठी मध्य प्रदेशात १९८२ साली कल्याणनिधीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. इंदूर आणि बडोदे यांच्या दरम्यानच्या झाबुआ-अलिराजपूर भागातील आदिवासी गोध्र्याकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीस गेले आणि हाच रोग घेऊन परतले. त्यांच्यापैकी २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावे, अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली केली; ते पैसे देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०१६ साली द्यावा लागला.

अशा प्रकरणांत तंटा बहुधा एका शब्दाचा असतो. या रोगाची लक्षणे क्षयासारखी: खोकला, धाप, झिजत जाणारे शरीर. दवाखान्याच्या कागदावर ‘क्षय’ असे लिहिले गेले की मालक मोकळा होतो. कारण क्षय कोणालाही, कोठेही होऊ शकतो. ‘सिलिकोसिस’ असे लिहिले गेले की धूळ कोठली, कारखाना कोणाचा, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग तिसऱ्या अनुसूचीत घालून तो सरकारास कळविण्याचे बंधन घातले होते, ते याचसाठी. विधवेच्या पदरात नुकसानभरपाई पडणार की नाही, हे त्या ९ अक्षरांवर ठरते. ४५ अक्षरांच्या शब्दाने आजवर कोणाच्याही पदरात काही पडलेले नाही.

आम्हांस राग येतो तो येथे. ज्या धुळीने माणसे मेली, तिच्यावर रचलेला शब्द आपण मुलाला करमणुकीसाठी पाठ करावयास देतो, आणि ती धूळ आपल्या शेजारच्या जिल्ह्यात उडते आहे हे त्याला सांगत नाही. मुलाची जीभ वळते, मन जागचे हलत नाही. हिला विद्या म्हणणे हा विद्येचा अपमान आहे, आणि त्या मृतांचाही.

तेव्हा शब्दकोडी जरूर सोडवावीत, सोंगट्या जरूर मांडाव्यात, पाच स्वरांचे शब्द शोधून मुलांनी एकमेकांस हरवावे. सुट्टीच्या दुपारी यापरता निर्मळ विरंगुळा नाही. परंतु परीक्षा घ्यावयाची असेल तर त्या ९ अक्षरांची घ्यावी. मुलाला तो शब्द लिहावयास सांगावा, त्याचा अर्थ विचारावा, आणि तो कोणाच्या कागदावर लिहिला जावयास हवा होता व का लिहिला गेला नाही, हेही विचारावे. याचे उत्तर शोधताना त्याला इंग्रजीही येईल, आणि शब्द कशासाठी असतात हेही कळेल.